प्रस्तावना : हमी नसलेल्या कामाचा हिशेब

गूगल कंपनीची नोंदणी १९९८ सालच्या सप्टेंबरातली. पुढच्याच वर्षी इंदूरमधून ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल सुरू झालं. त्याच्या पाठीशी ‘नईदुनिया’चं घर होतं. हे दैनिक १९४७पासून इंदुरातून निघत होतं आणि माळव्यात घरोघरी वाचलं जात होतं. इंटरनेट ही तेव्हा सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वापरायची गोष्ट होती, आणि जालावरचा बहुतेक मजकूर इंग्रजीत होता. अशा काळात महानगर नसलेल्या एका शहरातून भारतीय भाषेतलं पोर्टल चालवायचं धाडस झालं आणि ते टिकलं. पुढे मराठीसह आणखी काही भारतीय भाषांची दालनं त्यात आली.

त्या काळात भारतीय भाषांत संकेतस्थळ चालवणाऱ्या सगळ्यांपुढेच एक विचित्र अडचण होती. मजकूर पडद्यावर दिसायचा, शोधात मात्र सापडायचा नाही. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. वाचकाच्या संगणकावर तोच फॉन्ट असेल तर त्याला शब्द दिसे. शोधयंत्राला त्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१मध्येच जागा मिळाली होती, पण ती सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत पोचली विंडोज २००० आणि नंतरच्या आवृत्त्यांबरोबर. त्यांच्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. एका अक्षराला एकच क्रमांक ही शिस्त लागली, तेव्हा कुठे मराठी-हिंदी पानं शोधयंत्रांना वाचता येऊ लागली.

मजकूर आहे, पण ज्याला हवा त्याला सापडत नाही. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ, नावाचा अख्खा व्यवसाय या एका तक्रारीवर उभा आहे. फॉन्टची अडचण सरली, तक्रार राहिली. तिची कारणं तेवढी बदलली. ती कारणं शोधून दूर करण्याचं काम जे नोकरी न धरता, स्वतःच्या नावावर, स्वतंत्र सल्लागार म्हणून करू पाहतात त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. ते इंदुरात घडतं, कारण या धंद्याला लागणाऱ्या तीन गोष्टी तिथे एकत्र सापडतात : जुना आणि बोलका बाजार, आयटी कंपन्यांमधून तयार होणारी तरुण मंडळी, आणि दिवसातून दहादा भाषा बदलणारी माणसं.

आधी काम काय आहे ते पाहू. शोधयंत्र ढोबळ मानाने तीन गोष्टी करतं. त्याचा बॉट एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पानं गोळा करतो. गोळा केलेल्या पानांची सूची बनते. आणि कुणी काही विचारलं की त्या सूचीतून उत्तरं काढून क्रम लावला जातो. बहुतेकांचं लक्ष तिसऱ्या पायरीवर असतं. अनुभवी सल्लागार मात्र पहिल्या दोन पायऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण दुखणं पुष्कळदा तिथेच असतं. नवं संकेतस्थळ बनवताना ते शोधात दिसू नये म्हणून डेव्हलपरने ‘नोइंडेक्स’ची सूचना घातलेली असते आणि ते सुरू करताना ती काढायची राहून जाते. साइटला नवं रूप देताना पानांचे पत्ते बदलतात, पण जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं रिडायरेक्ट कुणी लावत नाही. दहा वर्षांची पुण्याई एका रात्रीत पुसली जाते. साइटवरच्या चाळीस पानांचं शीर्षक एकच असतं : ‘होम’. दुकानाचं दरपत्रक कागदावर छापून, त्याचा फोटो काढून चढवलेलं असतं, त्यातला एकही शब्द धड मजकूर म्हणून उपलब्ध नसतो.

यातलं काहीच गूढ नाही. सर्च कन्सोल हे गूगलचंच फुकट साधन आहे. कोणती पानं सूचीत आली, कोणती वगळली गेली, कोणत्या शब्दांवर साइट किती वेळा दिसली आणि किती जणांनी तिच्यावर क्लिक केलं, हे त्यात दिसतं. ते उघडून बसण्याचा आणि जे दिसतं त्याचा अर्थ लावण्याचा धीर फार थोड्या व्यावसायिकांकडे असतो. सल्लागाराला पैसे मिळतात ते त्या धीराचे.

मात्र दुकानदाराला रिडायरेक्टमध्ये रस नसतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “भिया, नंबर वन पे कब आएगा?” आणि लगेच दुसरा : “गारंटी है क्या?”

या पुस्तकाचा सगळा भार या दोन प्रश्नांवर आहे. एसईओ सल्लागार जे विकतो त्याचा शेवटचा निकाल त्याच्या हातात नसतो. क्रम गूगल लावतं, आणि लावण्याची रीत गूगल केव्हाही बदलू शकतं. स्पर्धक काय करतील हे त्यांच्या मनावर. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाही देता येत नाही, असं खुद्द गूगलनेच व्यावसायिकांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकतं, असंही गूगलच्याच माणसांनी २०१७मध्ये सांगितलं होतं. तरीही बाजारात ‘तीस दिवसांत पहिलं पान’ अशा पाट्या लागतात, आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळतं.

वकिलीच्या धंद्यात हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला. निकालावर अवलंबून फी ठरवायला भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. वकील निकाल विकत नाही. तो अभ्यास, मांडणी आणि हजेरी विकतो, आणि अशिलालाही ते ठाऊक असतं. एसईओच्या धंद्याला अशी परिषद नाही, सनद नाही, परीक्षा नाही. त्यामुळे आपण नेमकं काय विकतो आहोत याची रेघ प्रत्येक सल्लागाराला स्वतःच आखावी लागते. कोणत्या चुका आहेत, त्यातल्या आधी कोणत्या दुरुस्त करायच्या, कोणती पानं नव्याने लिहायची, महिन्याच्या शेवटी कोणते आकडे दाखवायचे, हे सगळं त्याच्या हातात असतं. त्यासाठी तो बांधील असतो. क्रमांकासाठी नसतो. ही रेघ पहिल्याच भेटीत ज्याला आखता येते त्याचे काही क्लायंट तिथेच उठून जातात. राहतात ते पुढे वर्षानुवर्षं राहतात.

रेघ पुसली की काय होतं याची उदाहरणं मोठ्या घरांतली आहेत. फेब्रुवारी २००६मध्ये बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ गूगलने सूचीतून काढून टाकलं. शोधयंत्राला एक पान दाखवायचं, ज्यात शब्दांची खोगीरभरती, आणि माणसाला तिथून भलत्याच पानावर न्यायचं, असा तो प्रकार होता. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०११मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीची गोष्ट छापली. नाताळच्या हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत असंख्य शोधांत ही कंपनी अव्वल दिसत होती, आणि त्यामागे होते कपड्यांशी किंवा घरसामानाशी काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर पेरलेले दुवे. गूगलने हात उगारला तेव्हा एका प्रवासी बॅगेच्या शोधात ही कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्यावर गेली. आपल्याला या दुव्यांची कल्पना नव्हती, असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसईओ संस्थेला काढून टाकलं.

बीएमडब्ल्यू काही दिवसांत परत आली. इतक्या मोठ्या नावाला शोधात जागा नसणं गूगललाही परवडत नाही. सराफ्यातल्या चांदीच्या दुकानाला किंवा सांवेर रोडवरच्या लहान कारखान्याला हे लागू नाही. त्यांची साइट बुडाली तर कुठल्याही वर्तमानपत्रात बातमी येत नाही. फोन येणं बंद होतं, एवढंच. म्हणून छोट्या गिऱ्हाइकाचं काम करणाऱ्याची जबाबदारी मोठ्या एजन्सीपेक्षा जास्त आहे.

आता इंदूर. सराफा दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खाऊचा. सियागंज किराण्याच्या ठोक व्यापाराचं. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट कापडाचं. भंवरकुआँला स्पर्धापरीक्षांचे क्लास एकाला एक लागून. विजयनगरला आयटीची ऑफिसं, सुपर कॉरिडॉरला टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं, जवळच पीथमपूरची औद्योगिक वसाहत. आयआयएम १९९६पासून आणि आयआयटी २००९पासून या शहरात आहेत. एका दिवसाच्या फेरीत इतक्या तऱ्हेचे व्यवसाय पाहता येतात, आणि त्यातल्या पुष्कळांची गूगलवरची हजेरी अजून विस्कळीत आहे.

होळकरांच्या या शहरातल्या मराठी घरांकडे आणखी एक भांडवल आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कागदोपत्री इंग्रजी अशी त्यांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ‘नईदुनिया’चे नामवंत संपादक राहुल बारपुते हे मराठीभाषक होते आणि त्यांनी कारकीर्द घडवली ती हिंदी पत्रकारितेत. त्यांच्याही आधी बाबुराव विष्णु पराडकरांनी बनारसच्या ‘आज’मधून तेच केलं होतं. एका भाषेत जगून दुसरीत लिहिणाऱ्याला दोन्हीकडची माणसं कशी बोलतात हे नेमकं ऐकू येतं. एसईओचं निम्मं काम हे ऐकण्याचंच आहे.

गूगल आणि केपीएमजी यांच्या २०१७च्या अहवालानुसार २०१६मध्ये भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी. म्हणजे तराजू तेव्हाच झुकला होता. डिसेंबर २०१९मध्ये गूगलने वाक्याचा अर्थ संदर्भातून लावणारी ‘बर्ट’ ही पद्धत सत्तरहून अधिक भाषांना लागू केली. त्यात मराठी आणि हिंदी दोन्ही होत्या. त्याआधी शोधयंत्र मुख्यतः शब्द जुळवत असे. आता ते ‘साठी’, ‘शिवाय’, ‘पासून’ अशा छोट्या शब्दांनी पडणारा फरकही पाहू लागलं. माणूस जसा बोलतो तसं लिहिलेलं पान आता मागे पडत नाही. मात्र माणूस कसा बोलतो हे आधी माहीत हवं.

एक उदाहरण घ्यायचं तर महेश्वरी साडीचं. अहिल्याबाईंच्या राजधानीचं महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटरवर आहे. तिथल्या विणकामाला आधुनिक काळात उभारी दिली ती १९७९च्या सुमारास सुरू झालेल्या रेहवा सोसायटीने. समजा, इंदुरातला एखादा व्यापारी या साड्या ऑनलाइन विकतो. त्याच्या पानावर साडीचा फोटो असतो, खाली ‘डिझाइन क्रमांक अमुक’ आणि किंमत. गिऱ्हाईक मात्र असं काही शोधत नाही. ते विचारतं : अस्सल महेश्वरी ओळखायची कशी? घरी धुतली तर चालते का? उन्हाळ्यातल्या लग्नाला नेसता येईल का? त्यात शहराचं नाव कुणी इंदूर लिहितं, कुणी इंदौर, तर कुणी घाईत रोमन लिपीत टाइप करून मोकळं होतं.

या प्रश्नांची उत्तरं सल्लागाराकडे नसतात. ती दुकानात असतात. तिथे चहा घेत बसलं की मालक सहज सांगून जातो : ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती हलकी, काठ दोन्ही बाजूंनी सारखे, त्याला बुगडी म्हणतात, म्हणून साडी उलटसुलट कशीही नेसता येते. वीस वर्षं जे तो रोज गिऱ्हाइकाला तोंडी सांगत आला ते त्याच्या साइटवर कुठेच लिहिलेलं नसतं, कारण ते लिहिण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलेलंच नसतं. चांगला सल्लागार लॅपटॉप बंद ठेवून वही उघडतो. कीवर्ड शोधण्याची महागडी साधनं त्याने जरूर वापरावीत, पण गल्ल्याशेजारच्या तासाभराची भरपाई त्यांनी होत नाही.

दाताचा दवाखाना, कोचिंग क्लास, नमकीनचं दुकान अशा जागच्या व्यवसायांना तर संकेतस्थळापेक्षाही गूगल बिझनेस प्रोफाइल महत्त्वाचं. नकाशावरच्या निकालांत तीन गोष्टी पाहिल्या जातात असं गूगल सांगतं : विचारलेल्याशी मेळ, अंतर आणि ख्याती. अंतर कुणाला बदलता येत नाही. उरलेल्या दोन्हींसाठी बरोबर वर्ग निवडणं, वेळा अचूक ठेवणं, खरे फोटो लावणं आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तर देणं ही कामं असतात. कंटाळवाणी, पण लवकर फळ देणारी. इथेच मोहाची जागाही असते. पन्नास पंचतारांकित अभिप्राय ठोक भावात विकणारे लोक भेटतात. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढलं, ते याच रोगावर. ते ऐच्छिक आहे, पण क्लायंटला नाही म्हणताना दाखवायला कामी येतं.

इतकं काम शिकायचं कुठे? डिजिटल मार्केटिंगच्या क्लासची प्रमाणपत्रं आता गल्लोगल्ली मिळतात, आणि त्यांचा उपयोग पहिली नोकरी मिळण्यापुरता असतो. खरं शिक्षण एजन्सीत दोन-तीन वर्षं राबण्यातून होतं. तिथे वेगवेगळ्या धंद्यांच्या साइट हाताखालून जातात, दुसऱ्याच्या चुका निस्तराव्या लागतात, आणि अल्गोरिदम बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन कसा घ्यायचा हेही समजतं. एजन्सीत काय शिकता येत नाही हेसुद्धा तिथेच कळतं : स्वतः किंमत सांगणं, स्वतः नाही म्हणणं, स्वतः वसुली करणं. स्वतंत्र झाल्यावर पहिली दोन वर्षं जातात ती ही तीन कामं शिकण्यात.

स्वतःचं एक छोटं संकेतस्थळ चालवणं हा जुना उपाय अजून उत्तम आहे. विषय कुठलाही चालेल : माळव्यातले किल्ले, इंदुरी पोह्यांच्या तऱ्हा, सायकलदुरुस्ती. त्यावर प्रयोग करायला कुणाची परवानगी लागत नाही, बिघडलं तर कुणाचं नुकसान होत नाही, आणि वर्षभराचा सर्च कन्सोलचा आलेख हा कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा बोलका पुरावा ठरतो.

परदेशी क्लायंट बहुधा प्लॅटफॉर्मवरून येतात. ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्यांनी २०१३मध्ये विलीनीकरण जाहीर केलं आणि २०१५पासून त्या अपवर्क या नावाने चालू लागल्या. २०१६ ते २०२३ या काळात अपवर्क एका क्लायंटकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्यानंतर ५ टक्के कापून घेत असे. ती रचना आता राहिलेली नाही, पण तिच्यातलं गणित राहिलं आहे : नव्या क्लायंटचा पहिला महिना नेहमीच सर्वांत महाग पडतो. प्रस्ताव लिहिण्यात, साइट समजून घेण्यात, माणसाचा अंदाज येण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणून सुट्या दहा कामांपेक्षा महिन्याच्या ठरावीक रकमेवरचे, म्हणजे रिटेनरवरचे, तीन क्लायंट बरे.

न्यूयॉर्क इंदूरच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तिथली सकाळची बैठक ही इथली जेवणाची वेळ. यावर रात्रभर जागणं हा उपाय टिकत नाही. टिकतो तो लिहिण्याचा उपाय : दर शुक्रवारी एका पानाचं टिपण, त्यात काय केलं, काय दिसलं, पुढे काय, आणि क्लायंटकडून काय हवं. ज्याला हे एक पान स्पष्ट इंग्रजीत लिहिता येतं त्याच्या निम्म्या बैठका आपोआप गळतात.

नीती आयोगाच्या जून २०२२च्या अहवालात देशातल्या गिग कामगारांचा आकडा २०२०-२१साठी ७७ लाख धरला आहे आणि २०२९-३०पर्यंत तो २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. त्यात डिलिव्हरी करणारे आहेत, टॅक्सी चालवणारे आहेत. स्वतंत्र सल्लागाराची मिळकत त्यांच्याहून बरी असेल, पण एका बाबतीत तो त्यांच्याच पंगतीत बसतो : भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, आजारपणाचा खर्च स्वतःचा. दर ठरवताना हे सगळं त्यात धरलं नाही तर नोकरीपेक्षा कमीच हातात पडतं, आणि ते कळायला वर्ष जातं.

कागदपत्रांचा भाग रूक्ष आहे, तरी या पुस्तकात त्याला मुद्दाम जागा दिली आहे, कारण कामात हुशार असलेली माणसं इथेच पडतात. करारात चार गोष्टी तरी हव्यात : काय करणार, काय करणार नाही, पैसे केव्हा मिळणार, आणि काम संपल्यावर खात्यांची मालकी कुणाची. शेवटची बाब विशेष. ॲनालिटिक्स, सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल ही खाती क्लायंटच्या नावावरच हवीत; सल्लागाराला तिथे केवळ प्रवेश हवा. स्वतःच्या नावावर खाती ठेवून क्लायंटला बांधून ठेवण्याची खोड या धंद्यात जुनी आहे, आणि तिच्यामुळे इंदूरसारख्या तोंडोतोंडी चालणाऱ्या बाजारात नाव जायला वेळ लागत नाही.

थकबाकीवरचा एक उपाय पुष्कळांना ठाऊक नसतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकवावे लागतात. करारात मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. सेवा देणारा एकटा माणूसही ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकतो. ती काम सुरू करण्याआधी झालेली बरी. तक्रारीसाठी २०१७मध्ये ‘समाधान’ नावाचं पोर्टल सुरू झालं. प्रत्यक्षात फार थोडे लोक तक्रारीपर्यंत जातात, पण बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक असला की पुढच्या माणसाचा सूर बदलतो.

करांचंही तसंच. सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी झाली की देशातल्या क्लायंटच्या बिलावर १८ टक्के लागतात. परदेशातल्या क्लायंटला दिलेली आणि परकीय चलनात पैसे मिळालेली सेवा मात्र निर्यात ठरते, आणि दरवर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरलं की त्यावर कर न आकारता बिल करता येतं. बँकेकडून आलेल्या परकीय रकमेची पावती जपून ठेवणं, भारतीय क्लायंटने कापलेला टीडीएस खरोखर आपल्या नावावर जमा झाला आहे का हे तिमाहीला पाहणं, या सवयी पहिल्याच वर्षी लागाव्यात. नियम बदलत राहतात. वर्षातून एकदा सीएला भेटण्याची फी हा खर्च नव्हे, धंद्याचं सामान आहे.

राहिला तो प्रश्न, जो आज प्रत्येक जण आधी विचारतो : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात हा धंदा उरणार का?

धंदा संपल्याची दवंडी याआधीही अनेकदा पिटली गेली. फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने ‘पांडा’ आणला; नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून ते नाव. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला आणि इकडून तिकडून उचललेल्या मजकुराचे कारखाने कोसळले. एप्रिल २०१२च्या ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांचा बाजार उठवला. एप्रिल २०१५मध्ये मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मागे ढकलली गेली. दर वेळी एक जात संपली : शब्द कोंबणारे, दुवे विकणारे, मजकूर रतीबाने टाकणारे. दुकानदाराशी बोलून पान लिहिणारे आणि साइटचं यंत्र ठाकठीक ठेवणारे मात्र दर वेळी उरले.

या वेळचा बदल अधिक खोल आहे, हे मान्य करायला हवं. भारतात गूगलचे ‘एआय ओव्हरव्ह्यूज’ ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झाले. प्रश्नाचं उत्तर निकालाच्या माथ्यावरच तयार मिळू लागलं की खालच्या पानावर जायचं कारण उरत नाही. ‘जीएसटी म्हणजे काय’, ‘पोह्यांत कॅलरी किती’ अशा प्रश्नांवर लेख लिहून वाचक गोळा करणाऱ्या साइटना त्याचा सरळ फटका बसतो, आणि असे लेख लिहून घेण्यावर उदरनिर्वाह करणाऱ्या सल्लागारांनाही. दुसऱ्या बाजूने मार्च २०२४मध्ये गूगलने घाऊक प्रमाणात, केवळ क्रमासाठी बनवलेल्या मजकुराविरुद्धचं धोरण कडक केलं. तो माणसाने लिहिला की यंत्राने, हा प्रश्न त्यात गौण आहे. डिसेंबर २०२२मध्ये गूगलने आपल्या गुणवत्ता-परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष अनुभव हा निकष आधीच्या तीन निकषांना जोडला होता. बुगडी काठाबद्दल दुकानदार जे सांगतो त्याची किंमत या वळणावर वाढते, कमी होत नाही, कारण ते यंत्राला दुसरीकडून उचलता येत नाही. भंवरकुआँच्या क्लासची नवी तुकडी कधी सुरू होणार, विजयनगरचा कुठला दवाखाना रविवारी उघडा असतो, ही उत्तरंही कुणीतरी कुठेतरी नीट नोंदवली तरच यंत्राला सापडतात. ती नीट नोंदवून ठेवण्याचं काम पुढेही लागणार. त्याचं नाव एसईओच राहील की दुसरं काही पडेल, यावर पैजा लावण्यात वेळ घालवू नये.

पुस्तकाची मांडणी सहा प्रकरणांची आहे. पहिलं शोधयंत्राच्या अंतर्गत कामाबद्दल, दुसरं गिऱ्हाइकाचे प्रश्न गोळा करण्याबद्दल. तिसऱ्यात एका नमुन्याच्या साइटचं ऑडिट पायरीपायरीने केलेलं आहे. ते शेजारी संगणक सुरू ठेवून वाचावं. चौथं पहिले क्लायंट आणि दर यांवर, पाचवं करार, वसुली आणि करांवर, आणि सहावं एआयनंतरच्या शोधावर. विद्यार्थ्यांनी क्रमाने जावं. एजन्सीत दोन-तीन वर्षं काढलेल्यांनी पहिली तीन प्रकरणं चाळून चौथ्यापासून सावकाश वाचायला घ्यावं. आणि ज्यांचा पहिला क्लायंट आत्ताच तीन महिन्यांचे पैसे थकवून बसला आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून थेट पाचवं प्रकरण उघडावं. स्मरणपत्राचा मसुदा तिथे पहिल्याच पानावर आहे.